सनद कोणाच्या नावावर?

मध्ययुगीन युरोपातली शहरं म्हटलं की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. सरंजामदाराच्या जमिनीला बांधलेला भूदास रातोरात पळतो, शहराच्या तटाआड येऊन राहतो, आणि धन्याने दावा सांगितला नाही तर एक वर्ष आणि एक दिवस उलटल्यावर मोकळा होतो. गोष्ट खोटी नाही. इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीच्या काळातल्या न्यूकॅसलच्या रिवाजांत हा नियम आहे. फ्रान्समधल्या लॉरिस या छोट्या गावाच्या सनदेतही आहे, आणि ती सनद इतकी गाजली की पुढे कित्येक गावांनी तीच मागून घेतली. पण एवढ्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, की ही शहरं म्हणजे युरोपच्या स्वातंत्र्याचं माहेरघर, तो मला अर्धाच पटतो. या शहरांनी जे स्वातंत्र्य मिळवलं ते माणसाच्या नावावर नव्हतं, मंडळाच्या नावावर होतं. ज्या शपथेच्या बळावर शहरवासी सरदाराला आणि बिशपला भिडले, त्याच शपथेने आपला कोण आणि उपरा कोण हेही ठरवून टाकलं. म्हणून शहराला अधिकार किती मिळाले एवढंच मोजून थांबणारा इतिहास मला अपुरा वाटतो, आणि त्या इतिहासाच्या आधारावर आज कोणी धोरण मांडू लागलं की तो धोक्याचाही वाटतो.

शहरं वाढली कशी, हे थोडक्यात. इ. स. १००० ते १३०० या तीनशे वर्षांत युरोपची लोकसंख्या ढोबळमानाने दुपटीवर गेली. जंगलं तोडून नवी जमीन लागवडीखाली आली, जड नांगर आला, घोड्याच्या गळ्याला न काचणारं जू आलं, तीन पट्ट्यांत आलटून पालटून पेरणी होऊ लागली. खाऊन उरेल इतकं धान्य आल्यावर ते विकायला बाजार लागतो, आणि बाजार रोजचा झाला की त्याचं शहर होतं. १३०० च्या सुमाराला पॅरिसची वस्ती दोन लाखांच्या घरात होती, व्हेनिस, मिलान, फ्लॉरेन्स लाखाच्या आसपास. हे अपवाद. बाकी बहुतेक शहरांत हजार-दोन हजार माणसं राहत, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्यापैकी मोठ्या खेड्याएवढी.

यात सरदारांचा हात मोठा होता, हे विसरलं जातं. शहर म्हणजे सरंजामशाहीच्या विरोधात उगवलेलं बेट, हे चित्र फारच सोपं आहे. ११२० मध्ये जर्मनीत त्सेरिंगन घराण्यातल्या कोनराडने फ्रायबुर्ग वसवलं तेव्हा व्यापाऱ्यांना बोलावून पन्नास फूट बाय शंभर फुटांचे भूखंड वाटले, प्रत्येकी वर्षाला एक शिलिंग भाडं. वर लेखी कबूल केलं की तुम्ही निवडल्याशिवाय तुमच्यावर न्यायाधिकारी किंवा धर्मगुरू लादणार नाही. यात औदार्य कमी आणि हिशेब जास्त. ओसाड माळावरून शून्य उत्पन्न येतं. भरलेल्या पेठेतून भाडं, जकात, दंड, नाणी पाडण्याचा नफा असं चहूबाजूंनी येतं. आपल्याकडेही नवी पेठ वसवताना उदिमी लोकांना काही वर्षं कर माफ करणारा कौल देत, तो याच हिशेबाने. फरक पुढचा आहे. फ्रायबुर्गच्या व्यापाऱ्याला सवलतीबरोबर निवडणुकीचा हक्कही मिळाला, आणि सवलतीची मुदत संपते तशी त्या हक्काची मुदत संपत नव्हती.

पण सगळीकडे कोनराडसारखा हिशेबी धनी नव्हता. जिथे नव्हता तिथे काय झालं, हे बघायला उत्तर फ्रान्समधल्या लाँ या शहराइतकं चांगलं उदाहरण नाही. तिथला सगळा तपशील गिबेर द नोजाँ या मठाधिपतीने लिहून ठेवला आहे. तो शहरवासीयांचा वैरी होता. कम्यून, म्हणजे शपथेने बांधलेलं शहरवासीयांचं मंडळ, या शब्दाला त्याने नवा आणि अत्यंत घाणेरडा शब्द म्हटलं आहे. म्हणून त्याची साक्ष अधिक मोलाची.

लाँमध्ये बाजार होता, पण कायदा कोणाचाच नव्हता. शनिवारी आसपासचे शेतकरी बाजाराला येत. शहरातला एखादा माणूस भांड्यात धान्याचा नमुना घेऊन फिरे, गिऱ्हाईक पटलं की म्हणे, बाकीचा माल घरी आहे, चल बघ. घरी मोठी पेटी. वाकून नीट बघ, म्हणे. शेतकरी पेटीत डोकं घालून वाकला की मागून उचलून आत ढकलायचं आणि झाकण लावून टाकायचं. खंडणी दिल्यावर सुटका. उमराव शहरवासीयांना लुटत, शहरवासी शेतकऱ्यांना लुटत. अशा ठिकाणी शहराचा धनी असलेला बिशप गॉद्री इंग्लंडला गेलेला असताना मागे राहिलेल्या धर्माधिकाऱ्यांनी आणि उमरावांनी पैसे घेऊन लोकांना कम्यून विकलं. विकलं हाच शब्द बरोबर आहे. सौदा असा, की दरडोई पट्टी वर्षातून एकदाच ठरलेली द्यायची, गुन्ह्याला कायद्याने ठरलेला दंड, आणि मनाला येईल तेव्हा होणारी बाकी वसुली बंद. परत आलेला बिशप आधी भडकला, मग त्यानेही पैसे घेतले आणि शपथ घेतली. राजा सहाव्या लुईनेही घेतले.

पैसे संपल्यावर बिशपला शपथ जाचू लागली. १११२ च्या ईस्टरला राजा शहरात आला, तेव्हा शहरवासीयांनी कम्यून टिकवण्यासाठी चारशे लिव्र देऊ केले. बिशपने मोडण्यासाठी सातशे देऊ केले. राजाने जास्त बोलीचा पक्ष घेतला आणि पहाटेच शहर सोडलं. आता ते सातशे लिव्र कोणाकडून वसूल होणार, हे लोकांना सांगावं लागलं नाही. कम्यून विकत घ्यायला प्रत्येकाने जेवढे दिले होते तेवढेच ते मोडायला द्यायचे, असा बेत कानावर आला. २५ एप्रिलला 'कम्यून, कम्यून' ओरडत तलवारी आणि कुऱ्हाडी घेतलेला जमाव बिशपच्या वाड्यात घुसला. बिशप तळघरातल्या पिंपात लपला होता. त्याला शोधणारा माणूस चर्चचाच भूदास, तोदेगो. त्याच्या चेहऱ्यावरून बिशप त्याला लांडगा म्हणून हिणवत असे. गॉद्रीला केसांना धरून बाहेर ओढलं, कुऱ्हाडीने मारलं, आणि तोदेगोने त्याच्या बोटातली अंगठी काढण्यासाठी बोटच तोडलं. आगीत कॅथेड्रल जळालं. राजाच्या सूडाच्या भीतीने शहरवासी पळाले आणि मग आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी येऊन रिकामं शहर लुटलं. पेटीत कोंडलेल्यांना कम्यूनचं प्रेम असण्याचं काही कारण नव्हतं.

सोळा वर्षांनी, ११२८ मध्ये, त्याच राजाने लाँला सनद दिली. तिच्यात कम्यून हा शब्द टाळून शांततेची व्यवस्था असं नाव घातलं, पण मागणीचा गाभा मान्य केला. एका जमावाने एका बिशपला मारलं एवढंच झालं असतं तर तो इतिहासातला आणखी एक दंगा ठरला असता. इथे दंग्यामागे आधीच एक लेखी करार होता, त्यात आकडे होते, आणि तो मोडल्याची तक्रार होती. म्हणून मारेकरी पांगल्यावरही मागणी उरली.

या शहरांबद्दल मनापासून आदर वाटावा अशी गोष्ट मला इथे दिसते. शेकडो माणसं शपथ घेऊन एक कायदेशीर व्यक्ती बनतात. तिला स्वतःची मोहोर असते, तिजोरी असते, सभेला बोलावणारी घंटा असते. ती कर्ज काढू शकते, खटला लढू शकते, आणि तिचे सगळे संस्थापक मेले तरी ती मरत नाही. उत्तर इटलीतल्या लोंबार्दीच्या शहरांनी ११७६ मध्ये लेन्यानोला सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा पराभव केला आणि ११८३ च्या कॉन्स्टन्सच्या तहात आपले अधिकारी आपण निवडण्याचा हक्क पदरात पाडून घेतला. सिएनात १३०९ मध्ये नऊ जणांच्या सरकारने शहराचा सगळा कायदा लॅटिनमधून लोकांच्या बोलीत उतरवून घ्यायचा ठराव केला. तो ठळक, वाचता येईल अशा अक्षरात लिहून सरकारी कचेरीत ठेवावा, म्हणजे लॅटिन न येणाऱ्या गरिबांनाही तो पाहता येईल आणि हवी तर नक्कल करून घेता येईल, असं त्यात म्हटलं आहे. शासन निर्णयाची भाषा वाचून आजही ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. अर्थात ते नऊ जण व्यापारी-सावकार वर्गातले होते, आणि कोणाकोणाला त्या नऊंत येता येणार नाही याचेही नियम त्याच कायद्यात होते.

आता त्या वर्ष-दिवसाच्या नियमाकडे. भूदासाला त्यातून काय मिळे? धन्यापासून सुटका. शहराचं नागरिकत्व मिळेच असं नाही, आणि बहुतेकांना ते मिळत नसे. आपल्या गृहनिर्माण सोसायटीत भाडेकरू वर्षानुवर्षं राहतो, पाणी तेच पितो, जिनाही तोच चढतो, पण सर्वसाधारण सभेत त्याला मत नसतं; तसाच हा प्रकार. नागरिक व्हायला घर लागे, प्रवेशशुल्क लागे, आणि हळूहळू गिल्डची, म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांच्या संघाची, शिफारस लागू लागली. लंडनच्या १३१९ च्या सनदेप्रमाणे बाहेरच्या माणसाला एखाद्या धंद्यात शिरून नागरिक व्हायचं तर त्याच धंद्यातल्या सहा प्रतिष्ठित माणसांनी हमी द्यावी लागे. म्हणजे नव्या स्पर्धकाला आत घ्यायचं की नाही, हे जुने स्पर्धक ठरवणार. मग बाहेर राहिलेल्यांची संख्या वाढत गेली तर नवल काय?

तरीही एका बाबतीत तो जुना नियम आपल्यापेक्षा बरा होता. तो मुदतीचा नियम होता. मुंबईत झोपडीधारकाची पात्रता तारखेने ठरते: आधी १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २०००, आणि पुढे पैसे भरून मिळणाऱ्या घरासाठी १ जानेवारी २०११. मुदतीच्या नियमात यंदा आलेला पुढच्या वर्षी पात्र होतो. तारखेच्या नियमात एक दिवस उशिरा आलेला वीस वर्षं राहिला तरी अपात्रच राहतो, आणि त्याची आशा फक्त पुढच्या निवडणुकीआधी तारीख सरकण्यावर टांगलेली असते. बाराव्या शतकातल्या फ्रेंच खेड्याला जे सुचलं ते आपल्याला का सुचू नये?

शहराच्या आत राहून बाहेर असणं म्हणजे काय, हे दुए या फ्लँडर्सच्या कापडशहरात दिसतं. तिथला बडा कापडव्यापारी जेहान बॉयनब्रोक १२८० च्या दशकात मेला. पापाचं ओझं हलकं करायची तेव्हाची रीत अशी, की मेल्यावर मृत्युपत्राच्या विश्वस्तांनी ज्यांचे पैसे बुडवले त्यांना ते परत करावेत. विश्वस्तांनी तक्रारी मागवल्या, आणि माणसं येत गेली. त्या तक्रारी लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी पाच मीटरहून लांब आहे. विणकरांना, रंगाऱ्यांना तो लोकर उधार देई, ती वजनात कमी भरे. कापड परत घेताना भाव पाडी. कर्ज थकलं की अवजारं उचलून नेई. त्यातले कित्येक त्याच्याच घरांत भाड्याने राहत. एक बाई पैसे मागायला गेली तर म्हणे, तुझं काही देणं लागतो असं मला आठवत नाही बाई, पण तुझं नाव मृत्युपत्रात घालतो. तिने दाद कोणाकडे मागायची? शहराचं न्यायालय चालवत एशव्हँ, म्हणजे शहराचेच दंडाधिकारी, आणि बॉयनब्रोक स्वतः अनेकदा एशव्हँ झाला होता. लाँच्या लोकांनी ज्यासाठी रक्त सांडलं ते स्वतःचं न्यायालय दुएला होतंच. ते या बाईच्या कामाचं नव्हतं, कारण त्यात समोर बसलेला माणूस आणि प्रतिवादी एकच होता.

यावर उपाय म्हणून गरिबांनी स्वतःचं मंडळ काढायचं म्हटलं, तर शहर काय करी? फ्लॉरेन्समध्ये लोकर पिंजणाऱ्यांना गिल्ड काढायला बंदी होती. १३४५ मध्ये चुतो ब्रांदिनी नावाच्या पिंजाऱ्याने सभा घेऊन वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. त्याला रात्री घरातून उचललं, आणि त्याचे सोबती काम बंद करून सुटकेची मागणी करत असतानाही फाशी दिलं. १३७८ मध्ये चोंपी म्हणजे हेच लोकरकामगार उठले, काही आठवडे सत्ता हाती आली, मिकेले दी लांदो हा पिंजारी शहराचा प्रमुख झाला आणि तीन नवी गिल्डं मान्य झाली. महिन्या-दीड महिन्यात सगळ्यात खालच्या कामगारांचं गिल्ड मोडलं गेलं, तेही खुद्द दी लांदोच्या सहभागाने. उमरावांना सत्तेबाहेर ठेवणारे १२९३ चे कायदे याच शहराने केले होते.

इथवर कोणी म्हणेल, दोष स्वायत्ततेचा नाही, ती मूठभरांच्या हाती होती याचा आहे. मंडळ रुंद करा, प्रश्न सुटेल. मला हे म्हणणं मान्य करायला आवडलं असतं. अडचण स्ट्रासबुर्गची आहे.

१३४९ च्या फेब्रुवारीत अल्सेस प्रांतातल्या स्ट्रासबुर्गमध्ये ज्यू विहिरींत विष कालवतात अशी अफवा होती. प्लेग शहरात अजून यायचा होता. जुन्या, श्रीमंत घराण्यांच्या कौन्सिलने ज्यूंना संरक्षण दिलं होतं. त्यांच्याकडून पैसे घेतले होते आणि आरोपाला पुरावा नाही असं त्यांचं म्हणणं होतं. कारागिरांच्या गिल्डांनी बंड करून ती कौन्सिल पाडली. नवी कौन्सिल जुनीपेक्षा जास्त लोकांची होती, यात वाद नाही. ती सत्तेवर आल्यावर काही दिवसांत, १४ फेब्रुवारीला, शहरातल्या ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत नेऊन जाळण्यात आलं. त्यांच्याकडची गहाणखतं आणि कर्जरोखे ऋणकोंना परत मिळाले, रोकड कारागिरांत वाटली गेली. पुढे काही दशकांनी लिहिणाऱ्या त्याच शहरातल्या इतिहासकाराने साफ म्हटलं आहे, की ज्यूंना मारणारं खरं विष पैसा हे होतं.

म्हणजे मंडळ रुंद झालं, पण ते मंडळच राहिलं. आत असलेल्यांची संख्या वाढल्याने बाहेर असलेल्याचा जीव सुरक्षित झाला नाही, उलट त्याच्या लुटीत वाटेकरी वाढले.

या सगळ्याला एक सरळ उत्तर आहे आणि ते मी टाळणार नाही. माणसं तरीही शहरात येतच होती. या शहरांत जन्मापेक्षा मृत्यू जास्त होते. खेड्यांतून येणारा ओघ थांबला असता तर काही पिढ्यांत शहरं रिकामी पडली असती. म्हणजे नागरिकत्व मिळेल न मिळेल, मरण लवकर येईल हे दिसत असूनही लोकांनी पायाने मतदान केलं. खेड्यात लग्नाला धन्याची परवानगी आणि वर शुल्क, धान्य दळायचं तेही त्याच्याच गिरणीत. त्यापेक्षा बॉयनब्रोकची उधार लोकर बरी, असं त्यांना वाटलं असेल, आणि मी त्यांना चुकीचं ठरवणार नाही. पण वाईटातून कमी वाईट निवडलं एवढ्यावरून जे निवडलं ते आदर्श ठरत नाही. शिवाय ओघावर जगणाऱ्या शहराने दारावर शुल्क आणि सहा हमीदार बसवावेत, यातला कृतघ्नपणा नजरेआड करता येत नाही.

हे मंडळ अखेर मोडलं कोणी? शहरांनी नाही. फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेने सरदारांच्या हक्कांबरोबर शहरांचे आणि प्रांतांचे विशेषाधिकारही रद्द केले. १७९१ च्या मार्चमध्ये गिल्डं गेली. जूनमध्ये कामगारांच्या संघटनाही बंद केल्या, म्हणजे ब्रांदिनीचा गुन्हा गुन्हाच राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अल्सेसच्या ज्यूंना नागरिकत्व मिळालं. स्ट्रासबुर्गचा विशेषाधिकार असा होता, की ज्यूने रात्री तटाच्या आत मुक्काम करायचा नाही. तेव्हा त्या शहराचं जुनं स्वातंत्र्य संपलं, आणि म्हणूनच तिथे राहण्याचं ज्यूंचं स्वातंत्र्य सुरू झालं. शहरांच्या स्वायत्ततेचे पोवाडे गाणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

पोवाडे आजही गायले जातात. पॉल रोमर या अर्थतज्ज्ञाने २००९ पासून सनदी शहरांची कल्पना मांडली: देशातच एक रिकामा तुकडा घ्या, तिथे वेगळे नियम लावा, ज्याला यायचं तो येईल. तिच्या समर्थकांना ल्युबेक आणि माग्देबुर्ग या मध्ययुगीन जर्मन शहरांचे दाखले फार प्रिय आहेत. होंडुरासने २०१३ मध्ये अशा विभागांचा कायदा केला आणि २०२२ मध्ये रद्द केला. ल्युबेक १२२६ पासून थेट सम्राटाच्या छत्राखालचं मुक्त शहर होतं, त्याचा कायदा बाल्टिकच्या काठाने शंभरेक शहरांनी उचलला, हे खरंच. पण त्या ल्युबेकच्या कौन्सिलमध्ये कारागिराला बसता येत नसे, आणि १३८४ मध्ये खाटकांनी त्याविरुद्ध कट केला तेव्हा त्यांना देहान्त शासन झालं. गंमत म्हणजे समर्थक यातून नेमकी उलटी गोष्ट उचलतात. कोनराडने निदान रहिवाशांना निवडणुकीचा हक्क दिला होता. हे लोक नियम करण्याचा हक्क गुंतवणूकदाराकडे ठेवायला निघाले.

मुंबईला तर ही वारसाहक्काने आलेली गोष्ट आहे. १७२६ च्या सनदेने पहिल्या जॉर्जने मुंबईला मेयर आणि नऊ आल्डरमन, म्हणजे मेयरचे सहकारी सभासद, दिले. पदंच काय, शहर म्हणजे एक कायदेशीर व्यक्ती ही कल्पनाही थेट मध्ययुगीन इंग्लिश शहरांतून उचललेली, आणि तिच्याबरोबर कुंपणही आलं: त्या नऊपैकी बहुतेक आल्डरमन जन्माने ब्रिटिश प्रजाजन असले पाहिजेत अशी अट होती. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट जणांची कॉर्पोरेशन झाली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. जो मालमत्तेचा कर भरत नाही त्याला मत नाही. प्रत्येक प्रौढ मुंबईकराने मत दिलेली पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली, आणि ती कॉर्पोरेशनने आपण होऊन दिलेली देणगी नव्हती, वरचा कायदा बदलून आलेली होती.

महापालिकांना जास्त अधिकार हवेत, स्वतःचा पैसा हवा, आयुक्तापेक्षा निवडून आलेल्या माणसाचा शब्द चालला पाहिजे, या मागणीच्या मी बाजूचा आहे. लाँच्या लोकांनी चारशे लिव्र देऊ केले ते उगाच नाही. माझी अट एवढीच, की आत कोणाला घ्यायचं हा अधिकार त्या यादीत नसावा. मत कोणाला, घराची पात्रता किती वर्षांच्या वास्तव्याने, परवाना नाकारला तर दाद कोणाकडे, हे राज्याच्या किंवा देशाच्या कायद्यात असावं आणि ते मुदतीत मोजलेलं असावं, तारखेत नव्हे. महापालिकेच्या सभागृहात हे मांडलं तर सगळ्या पक्षांचे नगरसेवक एकमुखाने विरोध करतील. आधीच आत असलेल्यांनीच त्यांना निवडून दिलेलं असतं, त्यामुळे त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.